माझं दुखणं बाळाच्या छातीत

ज्या बायकांच्या गळ्यावर माझ्यासारखी आडवी रेघ आहे, ज्यांचा थायरॉइड कधीकाळी कापून काढलाय आणि ज्यांना आता दिवस गेलेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. मी डॉक्टर नाही. माझगावला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनर कधी सुटणार आणि कधी लागणार ते बघते. पण माझ्या मुलावर जे बेतलं ते मला आधी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून ते वाक्य मी पहिलंच सांगून टाकते. थायरॉइड काढला तरी त्याला बिघडवणारी गोष्ट रक्तात राहू शकते, आणि ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

एवढं कळलं असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी माझी हरकत नाही. वाचणार असाल तर एका तापट बाईचं ऐकायची तयारी ठेवा. आईच्या मते माझ्या तोंडाला लहानपणापासूनच लगाम नाही.

संपलेला विषय

कॉलेजात असताना मी खा-खा खायचे आणि वाळत चालले होते. चाळीतल्या बायका आईला विचारायच्या, पोरीला जेवायला देतेस की नाही. हात थरथरायचे, जानेवारीत घाम फुटायचा, आणि नुसतं बसले असताना काळीज असं धडधडायचं की पुस्तक छातीवर ठेवलं तर हलताना दिसायचं. डोळे मोठे झाले होते. मैत्रिणींना वाटायचं मी सारखी कुणावर तरी डाफरतेय. तसं थोडं खरंही होतं, कारण त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा.

थायरॉइड जोरात धावतोय, असं निदान झालं. आधी गोळ्या झाल्या, त्या पुऱ्या पडल्या नाहीत, मग ऑपरेशन. त्यानंतर रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी पांढरी गोळी, जन्मभर. काढून टाकलेल्या थायरॉइडचं काम ती करते. सगळ्यांनी मला सांगितलं, झालं, विषय संपला. लग्नाच्या वेळी मंदारला मी पहिल्याच भेटीत रेघ दाखवली होती. तो म्हणाला, "मला अपेंडिक्सची आहे, पण ती इथे हॉटेलात दाखवता येणार नाही." मी हसले आणि हो म्हणाले.

गिरगाव ते लालबाग

सासर गिरगावात, माहेर लालबागला. मधे टॅक्सीचं किरकोळ अंतर. तरी पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. ते का, हे मी विचारलं होतं. आई म्हणाली, "इचारतंस काय गो, पद्धत हा." सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांचाही मान असतो." बाबा गेल्यापासून आई त्या खोलीत एकटी राहते, तिलाही हौस होती. मला नाही म्हणवलं नाही.

गिरगावातल्या डॉक्टर बाई कडक होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "सातव्या महिन्यात तुझ्या रक्तातल्या, थायरॉइड बिघडवणाऱ्या अँटीबॉडी बघायच्या आहेत. मी विसरले तर मला आठवण कर." सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, हिरवी साडी नेसवली, फोटो निघाले आणि आई मला घेऊन लालबागला आली. आता माहेरी आले म्हणजे डॉक्टरही माहेरचे. मी ज्या प्रसूतिगृहात जन्मले तिथलेच. नाव लिहीत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बघितल्या. "थायरॉइड का? हल्ली प्रत्येकीला असतो."

मी ड्रेसचा गळा खाली ओढून रेघ दाखवली. अँटीबॉडीची तपासणी राहिलीय, असंही सांगितलं.

"अहो, काढूनच टाकलाय ना? मग टेन्शन कसलं घेताय? टीएसएच बघू, तेवढं पुरे."

माझं टीएसएच आलं ते अगदी छान. येणारच, मी गोळी एक दिवस चुकवली नव्हती. सोनोग्राफीत बाळाचे ठोके जोरात लागत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ठोके जोरात म्हणजे मुलगी होणार. आई खूश झाली. डॉक्टर म्हणाले, बाळ जरा चळवळं आहे. तेव्हा या गोष्टीची भीती फक्त मलाच वाटत होती, आणि पहिलटकरणीच्या भीतीला कोण विचारतो?

तारखेच्या आधीच कळा आल्या. मुलगा झाला, अंगानं बारीक. रडायला लागला तो थांबेचना. टाचेला टोचून रक्ताचे थेंब नेले, नव्या बाळांची थायरॉइडसकट तपासणी करतात तशी, आणि आम्हाला घरी सोडलं.

टपोरे डोळे

आईच्या खोलीत बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा, खिडकी बंद, माझ्या कानाला फडकं. धुरीनं डोळे चुरचुरायचे. ज्या कुणी बायका बघायला यायच्या त्या बाळाकडे वाकायच्या आणि म्हणायच्या, "डोळे बघा कसे टपोरे. टकामका बघतोय." खरंच बघायचा. बाकीची बाळं दिवसभर झोपतात म्हणे, हा झोपायचाच नाही. आई गालाला काजळाची तीट लावायची, मीठ-मोहरी ओवाळून टाकायची. एवढ्या सुंदर डोळ्यांना दृष्ट लागेल, ही तिची काळजी.

प्यायचा तर किती. एका बाजूचं संपलं की दुसरी, आणि तरी मुठी चावायचा. आई म्हणायची, "भूक हा ता बरा असा." घाम यायचा. शेगडीचा. अंगाला मांस धरत नव्हतं. लवकर आलेलं पोर आहे, भरेल हळूहळू. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी प्रसूतिगृहातून फोन आला की टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी त्याला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं होतं. हात त्याच्या पाठीवर होता.

ते धडधडणं मला माहीत होतं. बाळांची काळजं वेगात चालतात हे मलाही ठाऊक आहे, पण हे तसलं नव्हतं. हाताखाली पाठ थरथरत होती. मी त्याला समोर धरलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. खातोय आणि वाळतोय. घाम. झोप नाही. आणि ते डोळे. माझ्या कॉलेजच्या आयकार्डवरच्या फोटोत आहेत तेच.

मी आईला म्हटलं, "शेगडी बाहेर काढ."

"बाळंतिणीक वारो लागात."

मी उठून स्वतः शेगडी गॅलरीत नेऊन ठेवली, खिडकी उघडली, पंखा लावला. आई डोक्याला हात लावून बसली. मी बाळाला दुपट्यातून मोकळं केलं आणि त्याच्याकडे बघत बसले. अंगावर वारा येत होता, खोली गार झाली, मलाच शिरशिरी आली. त्याच्या कपाळावरचा घाम मी पुसला. तो परत आला.

मंदारला फोन केला. तो ऑफिसात होता. "अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? उद्या बारशाला येतोच आहे, तेव्हा बघू."

"तू आत्ता येतोस की मी एकटी जाऊ?"

आई मधे आली. उद्या बारसं, पाळणा सजवलाय, पाहुण्यांना सांगून झालंय, आणि बारा दिवस व्हायच्या आधी बाळंतीण घराबाहेर पडते कुठे? "तुका वाटता तसा काय नाय गो. पोरांचा काळीज असाच चलता."

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तू त्याला भाजतेयस. रोज थोडं थोडं. ही तुझी पद्धत."

 मी बाळाला गुंडाळलं, कानाचं फडकं बाजेवर फेकलं आणि जिना उतरले.

परळ

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावला, घड्याळाकडे बघून मोजायला लागला आणि मोजणं अर्धवट सोडून त्यानं सिस्टरला हाक मारली.  वजन केलं, जन्माच्या वेळेपेक्षा कमी. माझ्या हातातून बाळ गेलं, दार बंद झालं. मंदार पोचला तेव्हा मी बाकावर नुसतं दुपटं घेऊन बसले होते.

हॉर्मोनच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे बघितलं. "हे कधीचं?" मी सांगितलं. "आणि गरोदरपणात तुमच्या अँटीबॉडी तपासल्या होत्या?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे क्षणभर मिटले. ते मी कधी विसरणार नाही.

रक्त गेलं. रिपोर्ट येईपर्यंत मंदार सारखा म्हणत होता, "पण टाचेचा नॉर्मल आला होता, मॅडम." मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉइडला येणारा कामाचा हुकूम; थायरॉइड सुस्त असला की तो वाढतो, फार धावला की बंद होतो. नव्या बाळांच्या त्या तपासणीत टीएसएच वाढलंय का एवढंच बघतात, कारण थायरॉइड सुस्त असलेली बाळं शोधायची असतात. आमच्या बाळाचं टीएसएच वाढलेलं नव्हतं. ते जवळजवळ नव्हतंच. आणि थायरॉइडचं हॉर्मोन इतकं वर होतं की मशीनला पुढचा आकडा सांगता येईना.

"त्याचा थायरॉइड चांगलाच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या अँटीबॉडी त्याला पळवतायत. तुमच्याकडे पळवायला काही उरलं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

मी विचारलं, "वाचेल ना?"

"हृदय खूप दमलंय. औषधं सुरू करतोय. हे दोन-तीन दिवस अवघड आहेत."

मंदारनं माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला आणि बंद दारापाशी जाऊन उभी राहिले.

बेबी ऑफ सायली

बारसं झालंच नाही, त्यामुळे आत, नवजात बाळांच्या आयसीयूत, माझ्या नावावरून त्याचं नाव ‘बेबी ऑफ सायली’. दर थोड्या वेळानं दारातून हाक यायची, "सायली, दूध," आणि मी बाकावरून उठायचे. आम्ही सगळ्या आया तशाच होतो, आपापल्या नावाच्या हाकेवर कान ठेवून. दुधासाठी हाक आली तर बरं. "घरच्यांना बोलवा" अशी हाक आली की सगळ्या जणी माना खाली घालायच्या.

पहिल्या दिवशी मी दूध काढायला तयारच नव्हते. माझ्या रक्तातनं हे त्याला गेलं, आता दुधातनंही जाणार. सिस्टर रागावल्या, मी ऐकेना. शेवटी मॅडम स्वतः आल्या. "जे जायचं होतं ते पोटात असतानाच गेलं. दुधानं त्याचं भलंच होणार आहे. द्या." मी दूध काढायचा पंप लावला आणि रडले. एवढ्या सगळ्यात मी देऊ शकेन अशी एक तरी चांगली गोष्ट निघाली होती.

शेजारी वडाळ्याची रेहाना बसायची. तिची मुलगी तळहाताएवढी, कधीपासून आत होती. मी काचेतून मॉनिटरचा आकडा बघत राहायचे, वर गेला की श्वास रोखायचे. ती म्हणाली, "वो मशीन को मत देख रे. बच्चे को देख. मशीन देखने के लिए सिस्टर है ना." तिचा सल्ला मला जमला नाही. पण ती माझा चहा आपल्या चहाबरोबर आणायची, न विचारता, आणि त्यावर मी दिवस काढले.

एका दुपारी "सायली, घरच्यांना बोलवा" अशी हाक आली. त्याचा श्वास चढला होता, ऑक्सिजन वाढवला होता. मंदार आला, सासूबाई आल्या. आई आधीच तिथे होती. मी जिना उतरले त्या दिवसापासून ती रोज पेज आणि कुळथाची पिठी घेऊन यायची, डबा माझ्याजवळ ठेवायची आणि लांबच्या बाकावर जाऊन बसायची. मी तिच्याशी बोलत नव्हते. ती माझ्याशी बोलत नव्हती.

मंदार भिंतीकडे बघत म्हणाला, "गिरगावातच राहिलो असतो तर ती टेस्ट झाली असती."

सासूबाई म्हणाल्या, "आता काय उपयोग बोलून?" पण त्यांनी आईकडे बघितलं.

आईनं पदर सारखा केला आणि ती बसून राहिली. मला तिची बाजू घ्यावीशी वाटली नाही. पद्धतीचा राग, त्या डॉक्टरचा राग, माझ्याच रक्ताचा राग, आणि समोर हाताशी असलेली ती एकटी. सासूबाईंनीही याच पद्धतीला मान डोलावली होती आणि मंदारनं बॅगा उचलल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलंच नाही.

त्या संध्याकाळपर्यंत आम्ही चौघं तिथेच बसलो. आतून कुणी बाहेर आलं की चौघं एकदम उठायचो.

त्याचा श्वास खाली बसला. एकदम नाही. आधी ऑक्सिजन थोडा कमी झाला, मग आणखी थोडा. थेंबांची औषधं, गोळीचा चुरा पाण्यात विरघळवून, रक्त, परत रक्त. आकडे एक दिवस उतरायचे, दुसऱ्या दिवशी तिथेच अडायचे आणि मी वेड लागल्यासारखी सिस्टरांच्या मागे लागायचे. मग एका सकाळी मला आत घेऊन त्याला माझ्या मांडीवर दिलं. तो प्यायला आणि मधेच त्यानं तोंड सोडलं. ओठाच्या कोपऱ्यातून दूध गळलं. मी घाबरून सिस्टरला हाक मारली.

"काय झालं?"

"पीत नाहीये."

सिस्टर वाकून बघून हसल्या. "पोट भरलंय त्याचं."

त्याचं पोट भरलेलं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. मी तशीच बसून राहिले, पायाला मुंग्या येईपर्यंत.

घरी

डिस्चार्ज मिळाला तेव्हा कुठे जायचं हा प्रश्न होता. गिरगावला, असं मंदारचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, सारखं रक्त द्यायला यायचंय, जवळ राहा. जवळ म्हणजे लालबाग. मी आईच्या खोलीत पाय ठेवला तर शेगडी नव्हती. बाज खिडकीशी सरकवलेली होती. 

औषध द्यायची कटकट सांगून कळणार नाही. गोळीचा तुकडा, मोजून पाणी, सुईशिवायची सिरिंज, गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू. आई सिस्टरांकडून शिकून आली होती. माझ्यापेक्षा तिचाच हात स्थिर असायचा. माझे हात थरथरायचे, काळजीनं, असं मी धरून चालले होते. झोप येत नव्हती, तीही काळजीनंच. आमच्यात बोलणं व्हायचं ते एवढंच, "दिलं का?" "दिलं." त्याचं नाव आम्ही पाळण्याशिवायच ठेवलं. अर्णव. बाळ वजन धरायला लागलं, औषध कमी होत गेलं, रक्त घ्यायचे दिवस लांब लांब पडत गेले. प्रत्येक रिपोर्टच्या आधी माझं जेवण बंद व्हायचं. औषध कमी केलं आणि हॉर्मोन परत उसळलं तर, हा एकच विचार.

मग औषध पूर्ण बंद करून बघितलं. काही आठवड्यांनी परत रक्त दिलं आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं मॅडमच्या केबिनमधे गेलो. अर्णव माझ्या मांडीवर, मंदार शेजारी, आई दाराजवळ पिशवी धरून उभी. डॉक्टरांसमोर ती कधी तोंड उघडत नाही. मंदारला तर वाटायचं, तिला यातलं काही कळत नाही.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "टीएसएच परत आलंय. हॉर्मोन जिथे हवं तिथे. अँटीबॉडी संपल्या त्याच्या अंगातून. त्याचा आता या आजाराशी संबंध नाही."

मंदारनं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मग उठून सासूबाईंना फोन लावायला बाहेर गेला. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. मी अर्णवचं टोपरं सारखं करत बसले. मॅडम पुढच्या पेशंटची फाइल ओढत होत्या.

"डॉक्टर," आई म्हणाली. "ह्याचा झाला. आता माझ्या चेडवाचा काय, ता सांगा."

मॅडमना कळलं नाही. "काय म्हणालात?"

आई पुढे आली. जपून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "माझ्या मुलीचं. ती झोपत नाही. खाते आणि वाळते. हात बघा तिचे. बाळ झाल्यापासून गोळी तीच घेते, पोटात पोर होतं तेव्हा वाढवून दिलेली. ती आता कमी करायची का, कुणी विचारलंच नाही."

मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "हात पुढे करा." मी केले. दोन्ही थरथरत होते. बाळंतपणानंतर तुमचं रक्त कधी तपासलं, असं त्यांनी विचारलं आणि मला आठवेना, कारण तपासलंच नव्हतं. इतके महिने या हॉस्पिटलात माझ्या नावानं हाका पडत होत्या आणि त्या सगळ्या त्याच्यासाठी होत्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मॅडमनी सिस्टरला बोलावलं. आईनं पिशवी खाली ठेवली आणि अर्णवला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. मी तिला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"मागसून," ती म्हणाली. "आधी हात दी त्यांका."

मी बाही वर केली.